लिनक्सवरचे १२८ बिटांचे आयडी: एसडी-आयडी१२८ लायब्ररी वापरायला शिकताना

समजा कॉलेजच्या लॅबमध्ये ४० मशिनं आहेत आणि प्रत्येकाने दर तासाला आपल्या डिस्कवर किती जागा उरली ते एका सर्व्हरला कळवायचं आहे. सर्व्हरचा पहिला प्रश्न: बोलतंय कोण? होस्टनेम पाठवावं तर निम्म्या मशिनांचं नाव ‘उबुंटू’ असतं आणि उरलेल्यांचं कोणीतरी हौसेने बदलून ठेवलेलं असतं. आयपी पत्ता डीएचसीपी (नेटवर्कवर पत्ते वाटणारी व्यवस्था) बदलतो. मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) घ्यावा तर यूएसबी वायफायचा डोंगल दुसऱ्या मशिनाला लावला की ओळखही त्याच्यासोबत निघून जाते.

अशा कामासाठी १२८ बिटांचे आयडी वापरतात. सी भाषेत ते हाताळण्यासाठी सिस्टमडी (बहुतेक लिनक्सवर मशीन सुरू करणारी आणि सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्रॅम, सांभाळणारी प्रणाली) या प्रकल्पाच्या लिबसिस्टमडी लायब्ररीत एसडी-आयडी१२८ नावाचा एक छोटासा भाग आहे. फंक्शनं मोजकी आहेत, एका दुपारी वाचून होतात. अडतं ते दुसरीकडेच. ही लायब्ररी नवा आयडी तर बनवून देतेच, शिवाय मशिनाचा, बूटचा आणि सर्व्हिसचा असे तयार आयडीही देते. त्या प्रत्येकाचं आयुष्य वेगळं असतं, आणि नवशिका माणूस हाताला लागेल तो उचलतो. म्हणून या लेखात फंक्शनांपेक्षा कोणता आयडी कधी जन्मतो आणि कधी मरतो याकडे जास्त लक्ष दिलं आहे.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आहेत, एडिटरमध्ये ती रोमन लहान अक्षरांत आणि मॅक्रो मोठ्या अक्षरांत टाइप करायचे. प्रत्येक नावाच्या आधी ‘एसडी_आयडी१२८_’ हा उपसर्ग असतो. तो दर वेळी लिहीत नाही. खाली नुसतं ‘रँडमाइझ’ दिसलं तर पुढचा उपसर्ग तुम्ही धरून चाला.

तयारी

डेबियन किंवा उबुंटूवर ‘लिबसिस्टमडी-डेव्ह’ हे पॅकेज लागतं, फेडोरावर ‘सिस्टमडी-डेव्हेल’. सी फाइलमध्ये सिस्टमडी फोल्डरातली ‘एसडी-आयडी१२८.एच’ ही हेडर फाइल इन्क्लूड करा. कंपाइल करताना जीसीसीला लायब्ररीचा पत्ता हाताने देऊ नका, पीकेजी-कॉन्फिगला ‘लिबसिस्टमडी’ साठीचे सीफ्लॅग्ज आणि लिब्ज विचारा आणि ते उत्तर कमांडमध्ये तुमच्या फाइलच्या नावानंतर जोडा. आधी जोडलंत तर काही वितरणांवर लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून ओरडतो आणि नवा माणूस पॅकेज पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो.

अल्पाइनसारख्या सिस्टमडी नसलेल्या वितरणावर ही लायब्ररी मिळणार नाही. तिथे नुसता नवा आयडी हवा असेल तर युटिल-लिनक्समधली लिबयूयूआयडी आहे, किंवा ‘/प्रॉक/सिस/कर्नल/रँडम/यूयूआयडी’ ही फाइल वाचा. दर वाचनाला कर्नल नवा आयडी काढून देतो.

पायरी पहिली: नवा आयडी

या लायब्ररीत आयडीचा प्रकार ‘एसडी_आयडी१२८_टी’. हे एक युनियन आहे: त्याच १६ बाइटांकडे एकदा ‘बाइट्स’ नावाचा १६ घरांचा ॲरे म्हणून बघता येतं, एकदा ‘क्यूवर्ड्स’ नावाचे ६४ बिटांचे दोन पूर्णांक म्हणून. व्हेरिएबल जाहीर करा, त्याचा पत्ता रँडमाइझला द्या, परत आलेला आकडा तपासा. शून्य म्हणजे झालं. ऋण आकडा म्हणजे चूक, आणि त्याचं चिन्ह उलटवून स्ट्रएररला दिलं की चुकीचं वर्णन मिळतं. एररनो या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये डोकावू नका, ही लायब्ररी चूक तिथे ठेवत नाही. संपूर्ण लिबसिस्टमडीत हीच रीत आहे, तेव्हा ती इथेच अंगवळणी पाडलेली बरी.

आतमध्ये कर्नलच्या गेटरँडममधून बाइट येतात आणि त्यातले ६ बिट ठरावीक केले जातात, म्हणजे निघालेला आयडी यूयूआयडीच्या (१२८ बिटांच्या आयडीच्या प्रमाणित रूपाच्या) आवृत्ती ४ चे नियम पाळतो. छापलेल्या ३२ अक्षरांत तेरावं अक्षर नेहमी ४ असतं आणि सतरावं ८, ९, ए किंवा बी यांपैकी एक. स्वतःच चार-पाच आयडी काढून ताडून बघा.

उरले १२२ बिट. ‘दोन आयडी सारखे निघाले तर?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. सारखी जोडी निघण्याची शक्यता निम्म्यावर यायला सुमारे २.७ गुणिले १० चा अठरावा घात इतके आयडी काढावे लागतील. सेकंदाला १०० कोटी या वेगाने काढत राहिलात तरी ८५ वर्षं लागतील. डिस्क केबलमधला बिघाड त्याच्या कितीतरी आधी तुम्हाला गाठेल. तेव्हा ‘आधीच्या यादीत आहे का’ असं तपासणारा कोड लिहायचा नाही.

जुन्या यूयूआयडीबद्दल एक गोष्ट माहीत असावी. आवृत्ती १ मध्ये वेळ आणि मशिनाचा मॅक पत्ता असे दोन्ही आयडीतच शिवलेले असत. १९९९ साली मेलिसा व्हायरस कोणी लिहिला याचा माग काढताना फायलींमध्ये दडलेल्या अशाच आयडीचा उपयोग झाला. आयडीमधून आपल्या नकळत काय बाहेर जातं, हा प्रश्न पुढे मशीन-आयडीपाशी पुन्हा येणार आहे.

पायरी दुसरी: स्ट्रिंग आणि तुलना

आयडी छापायचा तर टू_स्ट्रिंग. त्याला ३३ बाइटांचा बफर द्यायचा: ३२ हेक्स अक्षरं आणि शेवटचा नल. ३३ हा आकडा कोडमध्ये लिहू नका, ‘स्ट्रिंग_मॅक्स’ हा मॅक्रो त्यासाठीच आहे. निघणारी स्ट्रिंग लहान अक्षरांत असते आणि तिच्यात डॅश नसतात. डॅशवाली ३६ अक्षरांची यूयूआयडी हवी असेल तर टू_यूयूआयडी_स्ट्रिंग आहे, पण ते सिस्टमडीच्या २५१ व्या आवृत्तीपासून. जुन्या सर्व्हरवर कोड चालवायचा असेल तर आधी आवृत्ती बघा.

उलट दिशेला फ्रॉम_स्ट्रिंग. ते डॅशवाली आणि बिनडॅशची अशी दोन्ही रूपं घेतं, बाकी मात्र कडक आहे. फाइलमधून एफगेट्सने ओळ वाचली आणि तिच्या शेवटचं न्यूलाइन तसंच राहिलं तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ मिळतं. या चुकीवर लोक फार वेळ घालवतात, कारण प्रिंटएफने छापून बघितलं तर स्ट्रिंग अगदी निर्दोष दिसते.

दोन आयडी सारखे आहेत का हे इक्वलने बघा. सी भाषेत युनियनवर ‘==’ चालतच नाही, म्हणून कंपाइलर तुम्हाला वाचवतो. पण स्ट्रिंगवर स्ट्रकंप चालतं आणि तिथे फसगत होते: एकीकडे डॅश आहेत, दुसरीकडे नाहीत, एकीकडे मोठी अक्षरं, दुसरीकडे लहान. आयडी प्रोग्रॅममध्ये शिरताना एकदा फ्रॉम_स्ट्रिंग, बाहेर पडताना एकदा टू_स्ट्रिंग, आणि मधल्या सगळ्या प्रवासात तो १६ बाइटांचाच ठेवा. १६ बाइटच असल्यामुळे तो फंक्शनांना पॉइंटरने न देता सरळ मूल्य म्हणून देता येतो, आणि लायब्ररीही तसाच घेते.

व्हेरिएबलमध्ये अजून काही भरलेलं नाही हे दाखवायला ‘नल’ मॅक्रो आणि तपासायला इज_नल. सगळे बाइट शून्य असलेला आयडी रँडमाइझ कधीच देणार नाही, कारण आवृत्तीचा तो ४ मधे येतोच.

पायरी तिसरी: कोडमध्ये कायमचे आयडी

काही आयडी प्रोग्रॅम चालताना बनवायचे नसतात. ते एकदाच बनवून कोडमध्ये लिहून ठेवायचे असतात. टर्मिनलवर ‘सिस्टमडी-आयडी१२८ न्यू -पी’ चालवा. एकच आयडी चार रूपांत छापून येतो: साधी स्ट्रिंग, डॅशवाली यूयूआयडी, सी भाषेतला ‘मेक’ मॅक्रो आणि पायथॉनचा स्थिरांक. सी साठीची ओळ उचलून हेडरमध्ये डकवा आणि ‘एक्सवायझेड’ च्या जागी आपलं नाव घाला. मॅक्रोला दिलेल्या १६ हेक्स जोड्यांपुढे ‘०एक्स’ लावायचं नाही, तो आतून लावला जातो.

याचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे जर्नलमधला (सिस्टमडीच्या लॉगमधला) ‘मेसेज_आयडी’. प्रोग्रॅमने ‘डिस्क भरत आली आहे’ असं लॉगमध्ये लिहिलं. सहा महिन्यांनी कोणीतरी तेच वाक्य मराठी केलं, किंवा टक्केवारी पुढे आणली. लॉगमध्ये त्या शब्दांवर ग्रेप लावून बसलेल्या सगळ्या स्क्रिप्ट मेल्या. त्याऐवजी त्या प्रकारच्या संदेशाला एक कायमचा आयडी द्या आणि एसडी_जर्नल_सेंडने संदेशाबरोबर ‘मेसेज_आयडी’ हे फील्ड पाठवा. मग जर्नलसीटीएलला (जर्नल वाचायच्या कमांडला) तो आयडी दिला की शब्द काहीही असोत, त्या प्रकारच्या सगळ्या नोंदी निघतात. सिस्टमडी स्वतः हेच करतं. कोअर डंप झाला, मशीन झोपलं, सर्व्हिस सुरू झाली, अशा प्रत्येक घटनेला त्याच्या ‘एसडी-मेसेजेस.एच’ मध्ये ठरलेला आयडी आहे. ती हेडर फाइल एकदा उघडून बघा.

एक पथ्य: दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधून आयडी कॉपी करून शेवटचा आकडा वाढवायचा नाही. नवा हवा तर नवा काढायचा, कमांडला क्षणही लागत नाही. असे ‘शेजारचे’ आयडी पुल रिक्वेस्टमध्ये दिसले की मी तरी परत पाठवतो.

पायरी चौथी: मशिनाचा आयडी, आणि तो बाहेर का पाठवू नये

‘/ईटीसी/मशीन-आयडी’ या फाइलमध्ये ३२ हेक्स अक्षरांची एक ओळ असते. इन्स्टॉल होताना किंवा पहिल्या बूटच्या वेळी ती लिहिली जाते आणि मग ते इन्स्टॉलेशन असेपर्यंत बदलत नाही. कल्पना मूळची डी-बसची (प्रोग्रॅमांना आपापसांत बोलू देणाऱ्या व्यवस्थेची), सिस्टमडीने ती सगळ्या सिस्टिमसाठी उचलली. गेट_मशीन तेच वाचून देतं, आणि एकदा वाचलेलं आपल्यापाशी ठेवून घेतं, म्हणून ते कितीदाही बोलावलं तरी महाग पडत नाही.

‘इन्स्टॉलेशन’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. हा आयडी लोखंडाचा नाही. त्याच लॅपटॉपवर फेडोरा आणि डेबियन असं दोन्ही असेल तर दोन आयडी. फॉरमॅट करून पुन्हा टाकलं तर नवा. डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घातली तर आयडी डिस्कबरोबर गेला. सॉफ्टवेअरचं लायसन्स या आयडीला बांधायचं कोणाच्या डोक्यात आलं तर आधी हे सांगा.

लॅबच्या आपल्या उदाहरणाला हा आयडी अगदी फिट बसतो असं वाटतं. तोच सर्व्हरला पाठवावा, झालं काम! पण मशीन-आयडीच्या मॅन पानावर स्पष्ट म्हटलं आहे की तो गोपनीय समजावा आणि नेटवर्कवर उघडा पाठवू नये. गंमत अशी की फाइल मशिनावरच्या प्रत्येकाला वाचता येते, तिची परवानगी ०४४४ असते. मग गोपनीय कसली? मुद्दा मशिनावरच्या प्रोग्रॅमांपासून लपवण्याचा नाहीच. प्रत्येक ॲपने तोच आयडी आपापल्या सर्व्हरला पाठवला, तर दोन वेगळ्या सर्व्हरचे मालक आपल्या याद्या शेजारी ठेवून ‘हे मशीन तेच’ असं म्हणू शकतात. ब्राउझरमधल्या कुकी पुसता येतात, मशीन-आयडी कोणी पुसत नाही. जाता जाता, मदत मागताना लोक होस्टनेमसीटीएलचं अख्खं आउटपुट ग्रुपवर टाकतात. त्यात मशीन-आयडी आणि बूट-आयडी अशा दोन्ही ओळी असतात. टाकण्यापूर्वी त्या काढा.

यावर उपाय लायब्ररीतच आहे: गेट_मशीन_ॲप_स्पेसिफिक. तिसऱ्या पायरीतल्यासारखा तुमच्या ॲपचा एक कायमचा आयडी बनवा आणि तो या फंक्शनला द्या. ते मशीन-आयडी ही किल्ली धरून ॲपच्या आयडीचा एचमॅक-एसएचए२५६ (किल्ली मिसळून काढलेला एकदिशी हॅश) काढतं, निकालातले पहिले १२८ बिट घेतं आणि आवृत्ती ४ च्या साच्यात बसवतं. मिळालेला आयडी त्या मशिनावर त्या ॲपसाठी दर वेळी तोच येतो. दुसऱ्या ॲपला दुसरा मिळतो. आणि त्यावरून मूळ मशीन-आयडीकडे परत जाता येत नाही. कुठेही काही साठवून ठेवावं लागत नाही, ही मला यातली सर्वांत आवडलेली बाजू. ‘पहिल्यांदा सुरू झालो का, असल्यास आयडी बनव, फाइलमध्ये लिही, परवानग्या लाव’ हा सगळा कारभार वाचतो.

बरोबर जमलं का ते बघायचं तर ‘सिस्टमडी-आयडी१२८ मशीन-आयडी’ या कमांडला ‘--ॲप-स्पेसिफिक=’ ने तुमच्या ॲपचा आयडी द्या. तिचं उत्तर आणि तुमच्या प्रोग्रॅमचं उत्तर तंतोतंत जुळलं पाहिजे. आणि ॲपचा तो आयडी पुढच्या आवृत्तीत ‘साफसफाई’ म्हणून बदलू नका. बदलला तर सर्व्हरच्या दृष्टीने रातोरात ४० जुनी मशिनं गायब आणि ४० नवी हजर.

क्लोन केलेल्या मशिनांचा घोळ

लॅबमध्ये ४० वेळा कोणी हाताने लिनक्स टाकत नाही. एका मशिनावर सगळं बसवतात, त्याची इमेज काढतात आणि बाकीच्यांवर ओततात. इमेजमध्ये ‘/ईटीसी/मशीन-आयडी’ भरलेलीच असेल तर ४० मशिनांचा आयडी एक. मग वरचं एचमॅक वगैरे सगळं पाण्यात, कारण किल्लीच सारखी आहे.

हे बहुधा आधी नेटवर्कमध्ये उघडकीला येतं. सिस्टमडी-नेटवर्कडी (सिस्टमडीचा नेटवर्क सांभाळणारा भाग) डीएचसीपी सर्व्हरला स्वतःची जी ओळख सांगतो, ती त्याच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये मशीन-आयडीवरून बनते. त्यामुळे मॅक पत्ते वेगळे असूनही दोन क्लोनना एकच आयपी पत्ता मिळू शकतो. उबुंटू सर्व्हरच्या व्हर्च्युअल मशिनांवर हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या साधनात) डीएचसीपीची ओळख मॅकवर ठेवण्याची सोय आहे, लोक तीच सुचवतात आणि प्रश्न मिटला म्हणतात. मिटत नाही, फक्त दिसेनासा होतो.

खरा उपाय इमेज काढण्यापूर्वीचा. ‘/ईटीसी/मशीन-आयडी’ रिकामी करा: ट्रंकेट कमांडने आकार ० करायचा. मग ‘/व्हार/लिब/डीबस/मशीन-आयडी’ बघा. ती पहिल्या फाइलकडे जाणारी सिमलिंक असेल तर काही करायला नको. स्वतंत्र फाइल असेल तर पुसून तिथे सिमलिंक करा. त्यानंतर ते मशीन पुन्हा बूट न करता बंद करा आणि इमेज काढा, नाहीतर पुढच्याच बूटला आयडी परत भरला जाईल. एसएसएचच्या होस्ट-किल्ल्याही त्याच बैठकीत पुसून टाका, त्यांचं दुखणं हेच आहे.

फाइल रिकामी ठेवायची, की तिच्यात ‘अनइनिशिअलाइज्ड’ हा शब्द लिहायचा? दोन्हीकडे बूट होताना नवा आयडी बनतो. पण तो शब्द असला किंवा फाइलच नसली तर सिस्टमडी त्याला ‘पहिलं बूट’ मानतं आणि पहिल्या बूटसाठी राखून ठेवलेल्या सर्व्हिसही चालवतं. नुसत्या रिकाम्या फाइलला तसं मानत नाही. लॅबच्या इमेजला सहसा रिकामी फाइल पुरते.

इमेज आधीच ओतून झाली असेल तर प्रत्येक मशिनावर जुनी फाइल पुसून ‘सिस्टमडी-मशीन-आयडी-सेटअप’ चालवावं लागेल. इथे एक खड्डा आहे: डी-बसची जुनी फाइल स्वतंत्र पडून असली तर ही कमांड तिच्यातलाच आयडी उचलते, आणि ‘नवा बनवला तरी तोच येतो’ अशी तक्रार होते. आधी ती फाइल काढा. आयडी बदलल्यावर रीबूट करा, आणि जुने लॉग गायब झाले म्हणून घाबरू नका. जर्नल ‘/व्हार/लॉग/जर्नल’ मध्ये मशीन-आयडीच्या नावाच्या फोल्डरात राहतं आणि जर्नलसीटीएल सहसा आजच्या आयडीचं फोल्डर उघडतं. जुनं फोल्डर जागेवरच आहे, त्याचा पत्ता ‘-डी’ ने दिला की वाचता येतं. फेडोरासारख्या वितरणात बूट मेन्यूच्या नोंदींच्या फाइलनावातही मशीन-आयडी असतो, म्हणून चालत्या, कामाच्या सर्व्हरवर हा उद्योग गंमत म्हणून करू नये.

पायरी पाचवी: बूट-आयडी

गेट_बूट कर्नलकडून आयडी आणतं. मशीन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत तो एकच, पुढच्या बूटला नवा. हायबरनेट करून उठवलं तर मात्र बदलत नाही, कारण तोच कर्नल मेमरीसकट परत येतो.

याचा उपयोग नवख्यांना पटकन सुचत नाही, म्हणून एक नेहमीचं दुखणं घेऊ. प्रोग्रॅम सुरू होताना आपला प्रोसेस क्रमांक, समजा ८१२, एका फाइलमध्ये लिहितो, म्हणजे दुसरी प्रत सुरू होणार नाही. वीज जाते. मशीन परत सुरू होतं, फाइल तशीच राहिलेली असते, आणि या वेळी ८१२ हा क्रमांक भलत्याच प्रोग्रॅमला मिळालेला असतो. आपला प्रोग्रॅम म्हणतो, ‘मी आधीच चालू आहे’, आणि निघून जातो. त्याच फाइलमध्ये प्रोसेस क्रमांकाशेजारी बूट-आयडी लिहा. वाचताना तो आजच्या बूट-आयडीशी जुळला नाही तर फाइल शिळी, खुशाल पुसा. (फाइल ‘/रन’ मध्ये ठेवली तर बूटला ती आपोआप जाते, हे खरं. पण प्रत्येक प्रोग्रॅमला तिथे लिहिता येतंच असं नाही.) क्लॉक_मोनोटॉनिकच्या वेळांचंही तसंच आहे. तो आकडा बूटपासून मोजला जातो, म्हणून दोन वेगळ्या बूटमधल्या वेळा वजा करण्यात अर्थ नसतो. जर्नल प्रत्येक नोंदीबरोबर बूट-आयडी ठेवतं आणि ‘जर्नलसीटीएल -बी -१’ ने मागच्या बूटचे लॉग दाखवतं, ते त्याच्याच जोरावर.

डॉकरच्या कंटेनरमध्ये हा आयडी होस्टचाच दिसतो, कारण कर्नल एकच आहे. कंटेनर रीस्टार्ट झाला हे बूट-आयडीवरून कळणार नाही.

पायरी सहावी: सर्व्हिसच्या एका फेरीचा आयडी

सिस्टमडी एखादी सर्व्हिस सुरू करतं तेव्हा त्या फेरीला एक नवा आयडी देतं. तो ‘इन्व्होकेशन_आयडी’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये असतो आणि गेट_इन्व्होकेशन तो मिळवून देतं. सर्व्हिस कोसळून परत उठली की आयडी बदलतो, म्हणून एका विशिष्ट फेरीचेच लॉग वेगळे काढता येतात. करून बघायला ‘सिस्टमडी-रन’ ला ‘--पाइप --वेट’ देऊन ‘सिस्टमडी-आयडी१२८ इन्व्होकेशन-आयडी’ दोनदा चालवा, दोन वेगळे आयडी येतील.

‘हे व्हेरिएबल आहे म्हणजे मी सर्व्हिस म्हणून चालतोय’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. ग्नोमचं टर्मिनलही एका सर्व्हिसमध्ये चालतं आणि तिचा आयडी तुमच्या शेलला वारशाने मिळतो.

बाइटांचा क्रम

डीबग करताना क्यूवर्ड्समधले दोन पूर्णांक ‘%एलएक्स’ ने छापण्याचा मोह होतो. इंटेल आणि एएमडीच्या मशिनांवर बाइट उलटे दिसतील आणि टू_स्ट्रिंगच्या उत्तराशी जुळणार नाहीत. क्यूवर्ड्स तुलना आणि हॅशिंगसाठी ठीक, छापण्यासाठी नाही. दुसरा प्रसंग जीपीटी पार्टिशन टेबल किंवा विंडोजची जीयूआयडी (यूयूआयडीचंच तिथलं नाव) वाचताना येतो. तिथे पहिले तीन गट लिटल-एंडियन (शेवटचा बाइट आधी) साठवलेले असतात. स्ट्रिंगमध्ये १२३४५६७८ ने सुरू होणारा आयडी डिस्कवर ७८ ५६ ३४ १२ असा असतो. ते १६ बाइट मेमकॉपीने उचलून थेट या युनियनमध्ये टाकले तर आयडी चुकतो, आणि चुकलाय हे कळतही नाही.

डेटाबेसमध्ये ठेवताना ३६ अक्षरांचा मजकूर न ठेवता १६ बाइट ठेवा. पोस्टग्रेसमध्ये यूयूआयडी हा प्रकार आहेच. प्रायमरी की म्हणून मोठ्या टेबलात वापरायचा असेल तर यादृच्छिक आयडी इंडेक्सभर विखुरतात. तिथे २०२४ च्या आरएफसी ९५६२ मधली वेळेनुसार चढत जाणारी आवृत्ती ७ बरी. रँडमाइझ ती बनवत नाही, दुसरी लायब्ररी बघावी लागेल.

लॅबचा प्रोग्रॅम

आता सगळं जोडू. सुरुवातीला तीन हाका: गेट_मशीन_ॲप_स्पेसिफिक, गेट_बूट, गेट_इन्व्होकेशन. तिसरी टर्मिनलवरून चालवताना अपयशी होऊ शकते. -ईएनएक्सआयओ आलं तर ‘नल’ ठेवून पुढे जा. पहिलीचं अपयश गंभीर घ्या. -ईनोएंट म्हणजे मशीन-आयडीची फाइलच नाही, -ईनोमीडियम म्हणजे फाइल आहे पण रिकामी आहे, -ईयूक्लीन म्हणजे आत भलतंच काही आहे. पहिल्या दोन चुका कंटेनरमध्ये हमखास भेटतात, कारण अनेक इमेजमध्ये ती फाइल नसते किंवा मुद्दाम रिकामी असते. अशा वेळी गुपचूप रँडमाइझ करून आयडी भरू नका, नाहीतर प्रोग्रॅम जितक्यांदा सुरू होईल तितक्यांदा सर्व्हरला एक नवं मशीन दिसेल. चूक छापा आणि थांबा. त्यानंतर डिस्कची माहिती आणि होस्टनेम या तीन आयडींसोबत पाठवा. होस्टनेम ओळखीसाठी नाही, माणसाला वाचता यावं म्हणून.

सर्व्हरकडे आता प्रत्येक नोंदीत तीन आयडी येतील. बूट-आयडी बदलला तर मशीन रीबूट झालं. बूट-आयडी तोच पण इन्व्होकेशन नवा, तर सर्व्हिस मधे पडून उठली किंवा कोणी ती रीस्टार्ट केली. आणि एकाच मशीन-आयडीखाली दोन बूट-आयडी आलटून पालटून येत राहिले, पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, तर ते एक मशीन नाही. गेलेला बूट-आयडी परत येत नसतो. ती दोन क्लोन आहेत, त्यांची होस्टनेमं त्या नोंदींमध्ये बघा आणि त्या मशिनांवर जाऊन ‘/ईटीसी/मशीन-आयडी’ दुरुस्त करा.